पिंपळपानासमोरचं लगन

रोवणा करणारी बाई पुढे पाहते आणि मागे चालते. चिखलात वाकून धानाचं रोप खोचायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा खोचायचं. जिथून ती निघून आली तिथं हिरवं उभं राहत जातं. जिथं जायचं आहे ते तिच्या पाठीशी असतं. ते तिला दिसत नाही, फक्त पायाच्या तळव्याला कळतं. आमच्या चिचबोडीत हे चालणं मालनबाईला साधलं तसं दुसऱ्या कोणाला साधलं नाही, आणि हे मी गावचा म्हणून फुगवून सांगत नाही. पार सानगडीपर्यंतचे किसान रोवण्याच्या दिवसांत आधी तिला निरोप धाडत. ती धानाच्या खाचरात, बांधीत, उतरली की बाकीच्या बाया तिच्या ओळीला ओळ लावत आणि संध्याकाळी पाण्यातलं आभाळ सरळ रेघांत कापलेलं दिसे.

तिचं आयुष्यही एकदा असंच मागे मागे चालत गेलं. ती गोष्ट सांगतो.

चिचबोडी हे लहान गाव. मधोमध बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेलं तळं. तिच्या पाळीवर चिचेची झाडं आणि पलीकडे धानाच्या बांध्या. बोडीच्या उगवतीला आमची वस्ती. छप्पन सालानंतरच्या उन्हाळ्यात वस्तीनं घरोघरचे जुने देव गोळा केले आणि बोडीच्या पाण्यात सोडले. तेव्हापासून आम्ही बुद्धाच्या वाटेनं चालणारी माणसं. वस्तीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. तो आधीही होता, पण तेव्हापासून आम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

मालन त्या नव्या वाटेवरची पहिली नवरी. नवऱ्याचं नाव परसराम. लगनानंतर काही वर्षांनी पाऊस रुसला, बांध्या उलल्या, आणि परसराम चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला गेला. पहिल्या वर्षी तो दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला आला, डोक्याला नवा फेटा बांधून. दुसऱ्या वर्षीही आला. मग तो आणायचा ती साखर दुसऱ्याच्या हातून येऊ लागली, मग नुसता निरोप, मग निरोपही नाही. तो एका दिवशी गेला असता तर मालननं एका दिवशी रडून घेतलं असतं. तो झिजत झिजत गेला, उन्हाळ्यात बोडीचं पाणी जातं तसा. कोणी सांगितलं की तिकडे त्यानं एक बाई ठेवली आहे. मालन माहेरी परतली. आई नव्हती, म्हणून पार्वता मावशीच्या घरी राहू लागली. पावसाळ्यात रोवणा, उरलेल्या दिवसांत विड्या वळणं. तोंडात तक्रार नाही.

असे कितीतरी उन्हाळे गेले. मग सानगडीच्या बाजारात मंगरू भेटला.

भेटला म्हणजे, होताच. बाजाराच्या कोपऱ्यात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची बायको रुखमिणी आमच्याच चिचबोडीची, मालनची बालपणची सोबतीण. ती वारली तेव्हा पोर, शकुंतला, लहान होती. मालन बाजाराला गेली की पोरीसाठी मुरमुऱ्याचा लाडू नेऊन द्यायची आणि दुकानासमोर घडीभर टेकायची. मंगरू फारसा बोलत नसे. चाकाच्या ताराच तेवढ्या वाजवून पाहायचा, एकेक, वीणेसारख्या. दोन-तीन पावसाळे त्यानं नुसत्या तारा वाजवल्या. मग अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी, मान वर न करता, तो म्हणाला, "मालन, येतेस का माह्या घरी?"

"कशी येऊ?"

"कशी म्हणजे? पायानं."

"पायानं आली त पळून आली म्हणतीन लोक. मले वाजतगाजत नाही पायजे. पण उजळ माथ्यानं यायचं हाये. आधी तिकडचं सुटू दे."

मंगरू चाक फिरवत राहिला. "माह्या बहिणीनं लाखनीची एक बाई पाहून ठेवली हाये माह्यासाठी. होळीपर्यंत मी बहिणीले टाळतो. त्याच्या पुढं ती माहं आयकणार नाही."

"मग होळीच्या आत करतो आपण," मालन म्हणाली. आणि आपण 'आपण' म्हणालो हे तिला पांदणीतून घरी येताना, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांचा वास घेत, फार उशिरा लक्षात आलं.

पहिल्यांदा ती गोमाजीकडे गेली. गोमाजी वस्तीतले सगळ्यात जुने. जात-पंचायत होती तेव्हा ते पंच होते, आणि नवी वाट धरल्यावर वंदना पाठ करून लगनं लावू लागले ते तेच. आता डोळे अधू झाले होते. अगहनाच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या, उन्हात ते पाळीवर बसलेले असत आणि धुकं वितळण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो असं म्हणत.

"बाबा, आधी तुमी काडी मोडून द्यायचे म्हणे," मालन म्हणाली. "नवराबायकोचं तुटलं का पंचासमोर काडी मोडली, झाली फारकत. मले बी मोडून द्या ना."

"आता कशी देऊ, पोरी? देव सोडले त्याच दिवशी पंचाई सोडली. काडी बी गेली त्याच पाण्यात. आता कोर्ट हाये. भंडाऱ्याले जाय."

"कोर्टात काय करतेत?"

"कागद करतेत."

म्हणून एके सकाळी मालन आणि पार्वता मावशी एसटीनं भंडाऱ्याला गेल्या. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा नदी दिसतच नव्हती. खाली नुसता पांढरा कापूस पसरला होता, आणि त्यातून एका डोंग्याचं टोक तेवढं वर आलं होतं. मावशी म्हणाली, "माय वं, आपण जमिनीवर हावो का मेलो?"

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून भैय्याजी बसत. ते एका वकीलसाहेबांचे मुन्शी. तोंडात पान, समोर मराठी अक्षरांचं टंकयंत्र. त्यांनी मालनचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वर्षं विचारून घेतली आणि यंत्र असं चालवलं की झाडावरचे कावळे उडाले. थोड्या वेळानं कागद ओढून काढून ते ठसक्यात वाचू लागले.

"'अर्जदार आणि सामनेवाला यांचा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने, अग्नीच्या साक्षीने, सप्तपदी होऊन संपन्न झाला...'"

"थांबा," मालन म्हणाली. "हे कोणाचं लगन वाचून राहिले तुमी?"

"तुझंच की, बाई."

"माह्या लगनात आग नोती."

"चुलीत त होती ना?" भैय्याजी हसले.

"चूल बी त्या बाजूले नोती," मावशी म्हणाली. "सैपाक मागच्या वाडीत होता. वांग्याची भाजी मीच केली होती, लोकं अजून नाव घेतेत."

"अवं बाई, हा ठरलेला मसुदा हाये. सगळ्यांचा असाच लिवतो. याले कोणी काही पुसत नाही. तुले मोडाचंच हाये ना? मग कसं झालं होतं याची काय पंचाईत?"

मालन बोलायला सावकाश. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग म्हणाली, "मोडाचं हाये म्हणूनच. जे लगन झालं तेच मोडा. झालंच नाही ते मोडून मी सुटीन कशी?"

भैय्याजींचं पान चघळणं थांबलं. तेवढ्यात वकीलसाहेब काळा कोट हातावर टाकून आले. माणूस भला होता. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं.

"मग झालं कसं होतं?"

"पांढऱ्या लुगड्यात. हार घातले. गोमाजी बाबानं वंदना म्हटली. समोर भिंतीवर पिंपळाचं पान होतं."

"बुद्धाची मूर्ती? फोटो?"

"फोटो येणार होता. आला नाही. पान होतं."

वकीलसाहेब क्षणभर त्या कडुनिंबाकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे असं लिहिलं तर समोरचा म्हणेल, हे लग्नच नव्हतं. तो तसं म्हणाला की अर्ज अडकला. तुमच्यापुढे दोन सोपे मार्ग आहेत. भैय्याजींनी लिहिलंय तसंच राहू द्या, हा एक. दुसरा त्याहूनही सोपा. लग्न झालंच नाही म्हणा. पानासमोर हार घातले, त्याला कोण लग्न म्हणतं? तोही नाही म्हणेल, तुम्हीही नाही म्हणा. मग फारकत लागतेच कशाला? आजच मोकळ्या आहात तुम्ही."

"अन् तिसरा?"

"तिसरा लांबचा. ज्यांनी पाहिलं ती माणसं आणा. आणि जमलं तर नवऱ्यालाच आणा. कायदा दोन वर्षांपूर्वी बदललाय, आता दोघांच्या मर्जीनं अर्ज करता येतो. 'असंच झालं होतं' म्हणून त्यानं सही केली, तर मग पान असो की फांदी असो, माझी हरकत नाही."

परतीच्या गाडीत मावशी खिडकीला डोकं टेकून झोपली. मालन जागी होती, पण जागेपण पातळ होतं. आजच मोकळ्या आहात तुम्ही, हे शब्द गाडीच्या आवाजात मिसळून गरगरत राहिले. आज. होळी नको, साक्ष नको, चिखला नको. सानगडीला उतरून सरळ त्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, आली. पुलाखालचं धुकं आता निवळलं होतं. पाण्यात ऊन होतं आणि त्या उन्हात पांढरं लुगडं नेसलेली एक पोर खाली मान घालून उभी होती. गाडी पुढे गेली तरी ती पोर तिथंच उभी राहिली.

सानगडीला उतरून ती दुकानात गेली खरी. मंगरू घमेल्यातल्या पाण्यात सायकलची ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. तिनं वकीलसाहेबांचं सगळं सांगितलं. ते ऐकताना त्याच्या तोंडावर उजेड आला.

"मग म्हणून टाक ना! होळीची बी गरज नाही. संक्रांतीलेच येशीन."

"मंगरू, रुखमिणीचं लगन कुठं झालं होतं?"

"चिचबोडीत. तुले माहीत नाही काय? लुगडं त तूच नेसवलं होतं तिले."

"भिंतीवर काय होतं?"

"फोटो होता. चांगला काचेचा."

"फोटोच्या आधी?"

मंगरूचा हात पाण्यात थांबला. ट्यूबमधून एकेक बुडबुडा वर येत राहिला.

"पान," तो म्हणाला. "आधी पान लावलं, मग फोटो. चिचबोडीत तसंच लावतेत."

"कवापासून लावतेत?"

त्याला ठाऊक होतं. आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. मालनच्या लगनात फोटो नव्हता म्हणून पान लावलं. पुढे फोटो आले, पितळेची मूर्तीही आली, तरी प्रत्येक लगनात आधी भिंतीवर पिंपळाचं पान लागतं. ते न लावता लगन उरकलं तर म्हाताऱ्या बाया जेवायला बसत नाहीत.

"मी म्हणली का माहं लगन लगनच नोतं," मालन म्हणाली, "त रुखमिणीचं काय होतं? अन् तुही शकुंतला कोणाची मग?"

आत शकुंतला पाटीवर काहीतरी गिरवत होती. पाटीवरच्या पेन्सिलीचा आवाज येत होता, उंदरानं धान कुरतडावं तसा. मंगरूनं हात पाण्यातून काढून लुंगीला पुसला.

"चिखल्याले कधी जातेस?" त्यानं विचारलं.

जाण्याआधी ती पुन्हा गोमाजीकडे गेली. पाळीवर त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, माहं लगन सांगा मले," म्हणाली. "मले भंडाऱ्यात सांगा लागते. मी त मान खाली घालून होती. मले फक्त पाय दिसले."

गोमाजींनी मिटल्या डोळ्यांनी बोडीकडे तोंड केलं. ते सांगत गेले आणि मालन रोवण्यातल्यासारखी मागे मागे सरकत गेली.

चैत महिना होता. मोह फुलला होता, वाटेवर फुलं पडून कुजल्याचा गोड वास होता. नागपूरहून एक ओळखीचा माणूस फोटो घेऊन येणार होता. मांडवात माणसं येऊन बसली, दुपार कलली, त्याची वाट पाहून पोरं मांडवातच झोपून गेली. तो आला नाही. गाडी कुठं बिघडली म्हणतात. मग कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, लगन पुढं ढकला. कोणी म्हणालं, कोणासमोर उभं करता पोरांना, रिकाम्या भिंतीसमोर? एक म्हातारा तर म्हणाला, बोडीत सोडलेला एखादा देव सापडतो का पाहा, आजच्यापुरता.

"तवा मले राग आला," गोमाजी म्हणाले. "मी उठलो अन् पिंपळाकडं गेलो. नवी पालवी फुटली होती. तांबडं, पातळ पान, उन्हात धरलं त त्याच्या शिरा दिसत. एक तोडलो. तुह्या मावशीच्या घरची भिंत सकाळीच पांढऱ्या मातीनं सारवली होती, अजून ओली होती. भाताची पेज घेतलो अन् लावलो. म्हटलं, ज्या झाडाखाली तो बसला त्या झाडाचं हे पान हाये. आज आपल्यापाशी इतकंच हाये, अन् इतकं पुरते."

"मग?"

"मग सगळे उठून उभे राहिले. झोपलेली पोरं बी." त्यांनी बोडीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. "मी येतो भंडाऱ्याले. मले आता तू दिसत नाहीस, पोरी, पण ते पान दिसते."

चिखल्याला जाताना मावशी पुन्हा बरोबर होती, आणि तिच्याजवळ पुरचुंडीत कांदा-भाकर होती, कारण सवतीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तुमसरपर्यंत एसटी, पुढे कंपनीचं खनिज आणणारा रिकामा ट्रक. जसजसं चिखला जवळ आलं तसतसं सगळं काळं होत गेलं. वाट, झाडं, कुंपणावर वाळत घातलेले कपडे, आभाळाची कडसुद्धा. ते काळेपण ओंगळ नव्हतं. चकाकत होतं. जणू रात्र कुटून तिची भुकटी केली आणि दिवसावर भुरभुरली.

खाणमजुरांच्या वसाहतीत परसरामचं घर सापडलं. तो नुकताच खाणीतल्या पाळीवरून येऊन अंघोळ करून बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते. मालनला पाहून तो उठून उभा राहिला आणि खाट तिच्याकडे सरकवली. आतून एक बाई आली, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. ही चंद्रकला. तिनं काही न विचारता कोरा चहा टाकला. मावशीनं कप हातात घेतला, रागानं पाहिला आणि पिऊन टाकला.

मालननं येण्याचं कारण सांगितलं. परसराम ऐकत गेला आणि त्याचा चेहरा आकसत गेला.

"मी सही केलो त मले जेलात टाकतीन. एक असता दुसरं लगन केलं म्हणून. आमच्या खाणीत एकाले टाकलं."

"मी तुमच्यावर केस करायले नाही आली."

"तू नाही करणार. पण कागद बोलते ना. मी म्हणतो, तुबी म्हण, लगनच नाही झालं. होतं काय तिथं? एक पान त होतं."

मावशी उसळली. "अन् माही वांग्याची भाजी? चार वाढे खाल्ली तुमी, जावई!"

आतून चंद्रकला मोठ्यानं हसली. हसतच दारात आली. "दुसरं लगन? कोणतं दुसरं? मले आठवत नाही वं बाई. मले त ट्रकात बसवून आणलं होतं. हार नाही, पान नाही. रस्त्यात एक भजाचा पुडा घेऊन दिला होता, त्याले लगन म्हणत असतीन त माहीत नाही."

"तू आत जाय," परसराम म्हणाला.

"काहून जाऊ? माहंच चालू हाये हे." तिचं हसू सरलं. "इतकी वर्षं मी या लायनीत राहून राहिली. बाया मले 'परसरामची' म्हणतेत. परसरामची कोण, ते कोणी नाही म्हणत. तुमचं तिकडचं सुटल्याबिगर माहं इकडचं बांधलं जात नाही. अन् तिकडचं लगनच नोतं म्हटलं, त उद्या माह्या लगनाले बी तसंच म्हणसान." मग ती मालनकडे वळली. "खरं सांग, बाई. होतं का पान?"

"होतं."

चंद्रकलानं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा."

परसराम बराच वेळ आपल्या नखांकडे पाहत राहिला. कितीही घासली तरी खाणीतल्या माणसाची नखं काळीच राहतात. बाहेर ट्रकची घरघर लांबत गेली आणि मिटली.

"ते पडत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पान. भिंत ओली होती, पेज धरत नोती. गोमाजीची वंदना अर्धी झाली अन् पानाचं टोक सुटलं. मी भिंतीच्या बाजूनं होतो. मी अंगठ्यानं दाबून धरलो होतो. वंदना होवस्तोर."

मालननं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मले नाही दिसलं."

"तुही मान खाली होती."

मावशीनं पुरचुंडी सोडली आणि भाकर सगळ्यांपुढे ठेवली. परसरामनं एक तुकडा मोडून घेतला. "कोणत्या दिवशी यायचं भंडाऱ्याले?" त्यानं विचारलं.

निघताना चंद्रकला वाटेपर्यंत पोचवायला आली. "ते पान कशानं लावतेत म्हणली? पेजेनं?"

"पेजेनं. पण भिंत कोरडी पायजे," मालन म्हणाली.

माघात, थंडी मोडत असताना, ते सगळे कडुनिंबाखाली जमले. मालन, मावशी, मंगरूच्या सायकलच्या मागच्या सीटवरून सानगडी गाठून पुढे एसटीनं आलेले गोमाजी, आणि फेटा बांधून आलेला परसराम. तोच जुना फेटा, मंडईचा. भैय्याजींनी जुना मसुदा बाजूला सारला आणि यंत्रावर कोरा कागद चढवला. त्या दिवशी यंत्र सावकाश चाललं. 'सारवलेली' कसं लिहायचं, पालवी लिहायची का पान, हे ते मधूनमधून विचारत. झाडावरचे कावळे बसूनच राहिले.

"वाचतो," ते म्हणाले. पान त्यांनी आधीच थुंकून टाकलं होतं. "'अर्जदार क्रमांक एक व दोन यांचा विवाह मौजे चिचबोडी येथे चैत्र महिन्यात, बौद्ध रीतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून, एकमेकांस पुष्पहार घालून, पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर लावलेल्या पिंपळाच्या पानासमोर, वस्तीतील समस्त लोकांदेखत झाला...'"

परसराम आणि मालन बाकावर दोन टोकांना बसले होते. दोघंही ऐकत होते, जसं दूरच्या मांडवातलं काहीतरी वाऱ्यावर ऐकू यावं. आवारातली माणसं येत-जात होती. कोणाची हाक, कोणाची सायकलची घंटी. आणि तरी त्या कडुनिंबाखाली काही वेळ मोहाचा वास होता. गोमाजींचे ओठ हलत होते.

"झालं?" भैय्याजींनी विचारलं. "का आणखी काही ऱ्हायलं?"

मालन म्हणाली, "एक ऱ्हायलं. लिवा, का पानाचं टोक सुटत होतं, तवा यायनं अंगठ्यानं दाबून धरलं."

"बाई, असं अर्जात नसते लिवत."

"झालं होतं ते."

भैय्याजींनी वकीलसाहेबांच्या खोलीकडे पाहिलं, परसरामकडे पाहिलं, आणि ओळ जोडली. मग कागद पुढे केला. परसरामनं सही केली. मालननं टाक हातात घेतला. सही तिला रुखमिणीनं शिकवली होती, राखेत बोट फिरवून. तिनं आपलं नाव लिहिलं, एक अक्षर, मग थोडं थांबून दुसरं, बांधीतल्यासारखं.

निकालाला पुढचा पावसाळा लागला. होळी आली तेव्हा नुसता दाखल झालेला अर्ज होता, पण मंगरूच्या बहिणीला तेवढं पुरलं. ती स्वतः लाखनीला जाऊन नाही सांगून आली, आणि मालनला म्हणाली, "तू नाही आलीस त त्या बाईची शिवी मले लागीन."

ऐंशीच्या चैतात सानगडीला मंगरूच्या दारात लगन लागलं. त्या दिवशी उजाडता उजाडता मालन एकटी चिचबोडीच्या पिंपळापाशी दिसली. नवी पालवी होती, तांबडी, पातळ. तिनं उन्हात धरून धरून पानं पाहिली आणि दोन तोडली. एक ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवलं आणि सानगडीला येऊन तुमसरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिलं. चिखल्याहून चंद्रकलाचा निरोप होता, की आमचंही लगन आता लागतं आहे; इथंही पिंपळ आहे, पण त्याचं पान कितीही धुतलं तरी काळंच निघतं.

मावशी मंगरूच्या दारात उभी राहून सगळं पाहत होती. "जगाच्या बाया सवतीले शिव्या धाडतेत," ती म्हणाली, "अन् आमची पान धाडून राहिली."

"तुमी पेज झाली का पाहा," मालन म्हणाली. "अन् घट्ट करा. मागच्या खेपेले पातळ झाली होती."